वच्छलाबाईंच्या नऊ बाळंतिणी

मी डॉक्टर नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण वडनेर भोलजीत हे कुणी ऐकून घेत नाही. मी पशुधन पर्यवेक्षक. डॉक्टरसाहेब नांदुऱ्याला बसतात. पण गावात ज्याच्या हातात सुई तो डॉक्टर, त्यामुळे म्हशीचं पोट फुगलं तरी मी आणि बैलाच्या खुरात खिळा गेला तरी मीच. फक्त कोंबडीसाठी कुणी दवाखान्याची पायरी चढत नाही. कोंबडी आजारी पडली की गावाला दोनच उपाय ठाऊक: हळद लावणे, नाहीतर हळद लावून शिजवणे. याला अपवाद एकच, वच्छलाबाई.

पहिल्यांदा त्या दवाखान्यात आल्या तेव्हा हातात बाजाराची नायलॉनची पिशवी होती आणि पिशवीतून एका कोंबडीचं डोकं बाहेर आलेलं होतं. दोन म्हशी आणि एक वासरू यांच्यामागे त्या रांगेत उभ्या राहिल्या. म्हैसवाले हसायला लागले. वच्छलाबाईंनी त्यांच्याकडे बघून शांतपणे विचारलं, "काऊन हासता? तुमच्या म्हशीले जीव हाय अन् हिले काय भुसा भरला हाय?" मला त्या तेव्हाच आवडल्या. अर्थात मी तसं दाखवलं नाही. मी जेवायच्या वेळेला आलेल्या कोणत्याही पेशंटवर आधी वैतागतो, मग काम करतो.

साठीच्या जवळची, ठेंगणी, खणखणीत बाई. नवरा उत्तमराव कमी बोलणारा, चार एकर कापूस आणि तूर बघणारा. एकुलता मुलगा ज्ञानेश्वर शेगावला एका लॉजवर कामाला. आठवड्यातून एकदा घरी येतो. घरामागच्या वाडग्यात, म्हणजे कुंपण घातलेल्या परसात, शेवग्याखाली दगडमातीचं मोठं खुराडं आणि त्यात बावीस गावरान कोंबड्या. एका फटकळ कोंबडीचं नाव सरपंचीण, गोड गळ्याच्या एकीचं मैना. वच्छलाबाई त्यांना संध्याकाळी मोजत नाहीत, नावं घेऊन बोलावतात. जी आली नाही तिला शिव्या देत शोधायला निघतात.

गावात त्यांचा मान मात्र निराळ्याच कारणानं. कोंबडी अंडी द्यायचं थांबवते आणि अंड्यांवर बसायचा हट्ट धरते, तिला आपण खुडूक म्हणतो. वच्छलाबाईंच्या वाडग्यात बाराही महिने एखादी तरी खुडूक असतेच. ज्या घरी अंडी आहेत पण उबवायला कोंबडी नाही, तिथली बाई सरळ त्यांच्याकडे येते, शेजारी शिडी मागावी तशी खुडूक मागते आणि एकवीस दिवसांनी आणून देते. गल्लीत असं घर नाही जिथली पिल्लं वच्छलाबाईंच्या कोंबडीखाली फुटलेली नाहीत. "देवानं मले एकच पोरगं देल्लं," त्या म्हणायच्या, "पण पिल्लं इचारू नका."

गेल्या मार्गशीर्षात ज्ञानेश्वरचं लग्न झालं. सून डिंपल, मेहकरकडच्या खेड्यातली. कामाला चलाख, दिसायला छान, आणि बोलायला अगदी कंजूष. 'हो', 'नाही' आणि 'चहा ठेवू का' एवढ्यावर तिनं महिना काढला. नवरा शेगावला, सासरा शेतात. घरात दिवसभर सासू आणि सून, आणि सून अशी वावरायची की जणू उद्याच्या बसनं परत जायचं आहे.

"डॉक्टर, पोरगी लय गुणाची हाय," वच्छलाबाई मला म्हणाल्या. मी त्यांच्या गोठ्यात गाय तपासत होतो आणि माझ्याकडे सासू-सुनेचं औषध नसतं हे त्यांना सांगून झालं होतं. "पण घरात राहून नाही राह्यली ती. नुसती थांबून राह्यली. मले तिनं एकदा हक्कानं काही मांगावं, एवढंच पाह्यजे."

त्याच दिवशी, म्हणजे डिंपलच्या पहिल्या संक्रांतीला, तिचा भाऊ मेहकरहून आला. तिळगुळाचा डबा, साडी, आणि वर सुती ओढणी बांधलेलं एक टोपलं. टोपल्यात पाच कोंबड्या. माहेरी डिंपलनंच पिल्लांपासून वाढवलेल्या, म्हणून आईनं पाठवलेल्या. ओढणी सोडली आणि ती मुलगी जी बोलायला लागली! प्रत्येकीची वेगळी विचारपूस, प्रत्येकीच्या पंखाखाली बोट घालून बघणं. वच्छलाबाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. महिनाभरात सुनेचा इतका आवाज त्यांनी पहिल्यांदाच ऐकला होता.

मी हात धुता धुता माझं कर्तव्य केलं. म्हटलं, "वच्छलाबाई, या नवीन पाच तीन-चार आठवडे वेगळ्या ठेवा. वाडग्याच्या दुसऱ्या टोकाला. पाणी वेगळं, दाणे वेगळे. आधी जुन्यांचं बघायचं, मग यांचं."

वच्छलाबाईंचा चेहरा बदलला. त्यांनी मला गोठ्याच्या कोपऱ्यात नेलं.

"हा कोपरा पाह्यता का? माहं नवीन लग्न झालं तवा महिन्यातले चार दिवस मले अथी बसवत. ताट वेगळं, गिलास वेगळा, गोणपाट वेगळं. पाणी मांगतलं का वरतून ओतत. तवाच ठरवलं, माह्या राज्यात कोणाले बाजूले बसवणार नाही. माणूस असो का कोंबडी. अन् आज सुनेच्या माहेरून आलेल्या जीवाले म्हणू, तुम्ही तिकडं बसा?"

माझ्याकडे खात्याची पुस्तिका होती, त्यांच्याकडे तो कोपरा होता. मी मान हलवली आणि सायकलवर बसलो. माझी चूक ती तिथं झाली. मी अजून चार शब्द जोरात बोलायला हवे होते.

त्यांनी काय केलं ते नंतर कळलं. गावात नवी कोंबडी मिसळवायची एक रीत आहे: दिवेलागणीला, सगळ्या पेंगत असताना नवीला हळूच खुराड्यात जुन्यांच्या मधे सारायचं. सकाळपर्यंत सगळ्यांना एकच वास लागतो आणि मारामारी होत नाही. वच्छलाबाईंनी तसंच केलं. सकाळी सत्तावीस कोंबड्या एकाच घमेल्यात चोची बुडवून पाणी पीत होत्या, आणि डिंपल उंबऱ्यावर बसून हसत होती. ते हसू बघून, त्या म्हणाल्या, त्यांना पुरणपोळी केल्यासारखं वाटलं.

बाराव्या दिवशी माझ्या फोनवर व्हिडिओ आला. त्यात मैना होती. मान लांब करून ती शिंकत होती, आणि मागून वच्छलाबाईंचा आवाज: "डॉक्टर, हे पाहा, मैना शिंकून राह्यली."

मी गेलो तोवर नऊ झाल्या होत्या. नऊच्या नऊ जुन्या. छातीतून घरघर, नाकातून पाणी, डोळ्याच्या कोपऱ्यात साबणासारखा फेस. सरपंचिणीचा एक गाल सुजून डोळा मिटलेला. पहिली भीती मानमोडीची, म्हणजे अख्खं खुराडं आडवं करणाऱ्या रोगाची. पण हिरवी विष्ठा नव्हती, मान कुणाची वाकडी नव्हती, आणि मानमोडीची लस वच्छलाबाई कधी चुकवत नाहीत. नांदुऱ्याच्या डॉक्टरसाहेबांशी फोनवर बोललो, नमुने तपासायला पाठवले, पाण्यातून द्यायचं औषध लिहून घेतलं. हा कोंबड्यांचा जुनाट छातीचा रोग दिसत होता.

आणि डिंपलच्या पाच? टणाटण उड्या मारत होत्या.

मला समजावून सांगावं लागलं. या पाचजणींना हा रोग कधीतरी माहेरीच होऊन गेला असणार. अंगातून जातो असं वाटतं, पण जात नाही, दडून राहतो. टोपल्यातला प्रवास, थंडी, नवं घर, एवढा ताण पुरे. कोंबडी स्वतः धड दिसते आणि शेजारणीला रोग देते. मी हे सगळं हळू आवाजात सांगत होतो, पण रुक्मिणीबाई कुंपणाच्या पलीकडेच होत्या. रुक्मिणीबाई म्हणजे शेजारीण. मनानं वाईट नाही, पण जिभेला कुंपण नाही.

"म्हंजे सुनेच्या चांगल्या अन् सासूच्या आजारी," त्या म्हणाल्या. "काहून पंचाईत करता? त्या पाची कापा अन् रविवारी रस्सा करा. रोग बी जाईन अन् पोटं बी भरतीन."

डिंपल दारातच होती. ती आत गेली. त्या दिवशी ती जेवली नाही, आणि वच्छलाबाईंनी मैनाच्या काळजीत ते बघितलं नाही, याचं त्यांना पुढे फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी दवाखाना उघडला तर पायरीवर डिंपल. बाजूला तेच टोपलं, त्यावर तीच ओढणी.

"सर, मी यांना मेहकरला नेऊन ठेवते. नऊची बस आहे. तुम्हाला सांगून जावं म्हटलं, फक्त आत्याबाईंना सांगू नका." माझ्याशी ती एवढं पहिल्यांदाच बोलली.

माझा पारा चढला. "मेहकरला काय कोंबड्या नाहीत? इथला रोग आता तिथं पेरायचाय का? आणि बसमध्ये आणखी कुणाच्या कोंबड्या असल्या तर?"

ती रडायला लागली. मला रडणाऱ्या माणसांचं काही जमत नाही. गाय असती तर पाठीवर थोपटलं असतं. मी पाण्याचा ग्लास दिला आणि रजिस्टर उघडून उगाच लिहीत बसलो. मनात म्हटलं, ही आज कोंबड्या घेऊन निघाली, उद्या कपडे घेऊन निघेल.

तेवढ्यात वच्छलाबाई आल्या. पायात चप्पल नव्हती. त्यांनी टोपलं बघितलं, सुनेला बघितलं, आणि काही न विचारता तिच्याशेजारी पायरीवर बसल्या. मग त्यांनी मला विचारलं, "आजारी कोंबडी बाजूले ठेवाच लागते का?"

"लागतेच. त्याला इलाज नाही."

त्यांनी पदरानं तोंड पुसलं. विचार करताना त्या जमिनीवर बोटानं रेघ ओढतात; तशी एक रेघ ओढली. आणि मग हसल्या.

"डिंपल, बाळंतीण बी बाजूलेच राह्यते ना व? तिची खोली वेगळी, बाज वेगळी, ताट वेगळं. तिले काय कोणी हाकललेलं असते? उलट घरात तिचेच लाड असतात. झालं तं मंग. माह्या नऊ जणी बाळंतिणी. कडब्याच्या खोलीत त्याईची बाज टाकतो. त्याईचं मी पाहीन, अन् बाकीच्याईचं तू. अन् हे टोपलं उचल. माहेरी जायचं तं सणाला जाय, रागानं नाही."

मी नियम सांगितला: जो आजाऱ्यांच्या खोलीत जाईल त्यानं चांगल्या कोंबड्यांकडे फिरकायचं नाही. चपला वेगळ्या, भांडी वेगळी, हात साबणानं धुवायचे. रोगाशी गाठ एव्हाना सगळ्यांचीच पडली होती, म्हणून औषध मात्र सगळ्यांच्या पाण्यात, आणि औषध चालू असेपर्यंत आणि त्यानंतर मी सांगेन तोवर अंडी खायची नाहीत.

असं वच्छलाबाईंच्या घरी नऊ बाळंतपणं सुरू झाली. वाडग्याच्या एका टोकाच्या कडब्याच्या खोलीत कोरडा भुसा अंथरला, पाण्याचं नवं घमेलं आलं, जोंधळा भरडून ओला केला. सगळं मी सांगितल्यासारखं. मी खूश होतो. तिसऱ्या दिवशी बघायला गेलो तर खोलीचं दार बंद, खिडकीला गोणपाट, आणि फटीतून धूर. आत शेगडीवर ओवा आणि बाळंतशोपा जळत होत्या आणि वच्छलाबाई पदर नाकाला लावून कोंबड्यांना धुरी देत होत्या. सरपंचीण चोच उघडी टाकून घरघरत होती.

मी शेगडी उचलून अंगणात फेकली. "काय चाललंय हे? छातीच्या रोगाला धूर?"

"बाळंतिणीले धुरी नाही देत का? तुमच्या बायकोले नाही देल्ली?"

"माझ्या बायकोला बाळंतपणात घरघर नव्हती!"

वाडग्याच्या त्या टोकाकडून एकदम हसण्याचा आवाज आला. डिंपल दाण्यांचं सूप हातात घेऊन उभी होती आणि तिला हसू आवरत नव्हतं. वच्छलाबाई माझ्यावर चिडलेल्या होत्या, पण तो आवाज ऐकून त्यांचा राग कुठल्या कुठे गेला. गोणपाट काढलं, खिडकी उघडली. कोंबडीला हवा हवी, अंगावर गार झोत नको, आणि धूळ-धूर तर अजिबात नको, हे त्यांनी मग पक्कं लक्षात ठेवलं. गल्लीतल्या बायकांना ते त्या आता माझ्यापेक्षा चांगलं सांगतात.

मैना वाचली नाही. आणखी एक गेली. माझ्या सांगण्यावरून दोघींना शेताच्या बांधाला खोल खड्ड्यात चुना टाकून पुरलं. वच्छलाबाई त्या दिवशी मनसोक्त रडल्या आणि मलाही वाईट वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही. पण सात उठल्या. सरपंचिणीचा डोळा उघडला आणि उघडल्या उघडल्या तिनं माझ्या बोटाला चोच मारली. इतका आनंद मला बढतीच्या कागदानंसुद्धा झाला नव्हता.

या सगळ्यात एक गंमत झाली, ती मी ठरवून केलेली नव्हती. सासूला त्या टोकाला जायची बंदी, सुनेला या टोकाला यायची. मधे वाडग्याची पूर्ण लांबी. आता काही सांगायचं तर ओरडूनच. पहिले दोन दिवस डिंपल खुणा करायची. मग, "पाणी बदललं," एवढं. मग, "काळीनं आज अंडं दिलं, पण मी ते टाकून दिलं!" महिन्याभरात ती तिथून विचारायला लागली, भाजीत मीठ किती, ज्ञानेश्वर लहानपणी खरंच झाडावरून पडला होता का, आणि आत्याबाई, तुम्ही कालचा भात परत का खाल्ला. तिची बोली मेहकरकडची होती, ती हळूहळू वडनेरची व्हायला लागली. हायवेवरच्या ट्रकवाल्यांनाही ऐकू जावं असा आवाज झाला.

तपासणीचा कागद आला तेव्हा मला एक कडू गोष्ट सांगावी लागली. रोग तोच निघाला. कोंबड्या बऱ्या झाल्या तरी आता तो सगळ्यांच्याच अंगात दडलेला धरायचा. म्हणजे या वाडग्याचं दार बंद. बाहेरची कोंबडी आत नाही, आतली बाहेर नाही. उबवायला अंडीसुद्धा कुणाला द्यायची नाहीत. खायला दिली तर चालतील.

"अन् खुडूक?" वच्छलाबाईंनी विचारलं.

"ती तर मुळीच नाही."

इतकी वर्षं या दारातून कुणी रिकाम्या हातानं गेलं नव्हतं. "मंग गल्लीले काय सांगू?" त्या म्हणाल्या. त्यांना रोगाचं दुःख नव्हतं. खरं कारण सांगितलं की बोट डिंपलकडे जाणार, आणि आता कुठे बोलायला लागलेली मुलगी पुन्हा मिटून जाणार, हे त्यांच्या मनात होतं.

ती वेळ होळीच्या आठवड्यात आली. मी सरपंचिणीचा डोळा शेवटचा बघायला गेलो होतो. रुक्मिणीबाई सुपात तेरा अंडी घेऊन दारात हजर. "वच्छला, एक खुडूक दे वं."

"नाही देता येत, रुक्मिणी."

"काऊन? कोंबड्या तं बऱ्या झाल्या ना? सून आली तं हात आखडला का?"

वच्छलाबाई ताठ उभ्या राहिल्या. "सुनेचं नाव काढू नको. चूक माही हाय. डॉक्टरनं सांगतलं होतं, नवीन कोंबड्या वेगळ्या ठेवा. मीनं आयकलं नाही. एकाच खुराड्यात घातल्या. रोग माह्या हातानं पसरला, म्हून देता येत नाही."

रुक्मिणीबाईंनी अजून तोंड उघडलं नव्हतं तोच वाडग्याच्या त्या टोकाकडून आवाज आला. "खोटं काहून बोलता, आत्याबाई? रोग माह्या कोंबड्यायनं आणला."

"तू गप बस व."

"काहून गप बसू? माह्या माहेरच्या कोंबड्या, माहं टोपलं. चूक माही हाय." डिंपल आता अंगणाच्या मधोमध येऊन उभी होती, कमरेला पदर खोचून.

"खुराड्यात कोणं घातल्या? तुनं का मीनं?"

"अन् त्या घालतानी कंदील कोणं धरला? मीनंच ना? मले काय कळत नव्हतं का? सर सांगत होते, मी बी आयकत होती."

"तू लहान हायेस. तुले काय समजते?"

"लहान असती तं लग्न कायले करून आणलं?"

रुक्मिणीबाई एकदा इकडे बघत होत्या, एकदा तिकडे. खुडूक मागायला आल्या होत्या, ते विसरूनच गेल्या. शेवटी सूप सावरत म्हणाल्या, "तुमचं ठरलं की सांगा बाई, चूक कोणाची हाय ते," आणि अंडी घेऊन घरी गेल्या.

डिंपल फणकाऱ्यानं आत गेली. आतून भांडं आपटल्याचा आवाज आला. वच्छलाबाई माझ्याजवळ आल्या. डोळे भरलेले होते आणि तोंडभर हसू होतं.

"आयकलं का डॉक्टर? पोरगी भांडली माह्याशी."

"ऐकलं. अख्ख्या वडनेरनं ऐकलं."

"पाहुणी कधी भांडत नाही." त्यांनी पदरानं डोळे पुसले. मग आतून आणखी एक भांडं वाजलं आणि त्या लगबगीनं दाराकडे वळल्या. "बसा तुम्ही. मी येतो जराशी भांडून."